तपासणी गावात, थेरपी वर्ध्यात. मधल्या अंतराचे काय?

‘काई नाई होत जी, याचा मामाबी दोन वर्साचा झाल्यावरच चालला होता.’ मूल चालायला उशीर करू लागले की घरातून हे वाक्य हमखास येते. बरेचदा ते खरेही ठरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात निरोगी मुले आधाराशिवाय चालू लागण्याचा काळ साधारण आठ ते साडेसतरा महिने एवढा लांबरुंद आढळला. शेजारचे पोर दहाव्या महिन्यात चालले आणि आपले चौदाव्या, तर झोप उडवून घेण्याचे कारण नाही.

पण चौथा महिना सरला तरी मान धरत नाही, नऊ महिने झाले तरी आधाराशिवाय बसत नाही, दीड वर्ष उलटूनही एकटे चालत नाही, तेव्हा मामाचा दाखला बाजूला ठेवावा आणि डॉक्टर गाठावा. आणखी एक खूण तर कौतुकाने सांगितली जाते. वर्षाच्या आतच मूल एकच हात वापरते, म्हणून ‘डावखोरा होणार’ असे म्हणतात. एवढ्या लहान वयात दुसरी मूठ सतत मिटलेली राहत असेल, तर तो हात कमकुवत असू शकतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे महिने मात्र अपेक्षित तारखेपासून मोजायचे.

पुढचा प्रश्न थेरपीचा. फिजिओथेरपी मान, पाठ, तोल आणि चाल यांवर काम करते, एवढे लोकांना ठाऊक असते. ऑक्युपेशनल थेरपी म्हटले की गोंधळ होतो. ऑक्युपेशन म्हणजे इथे नोकरी नव्हे. मुलाचा व्यवसाय म्हणजे खेळणे, जेवणे, कपडे घालणे, लिहिणे. चमचा तोंडापर्यंत नेणे, बटण लावणे, मिक्सरच्या आवाजाने कानावर हात ठेवणाऱ्या मुलाला घरात सुसह्य वाटेल अशी व्यवस्था करणे, हे या थेरपिस्टचे काम. देशातले त्याचे पहिले विद्यालय कमला निंबकर यांनी 1950 मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू केले. आपल्या शेजारी नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही हे शिक्षण मिळते.

खरे तर हाताने शिकण्याची गोष्ट वर्धेकरांना नवी नसावी. 1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्यातल्याच शिक्षण परिषदेत नई तालीमची मांडणी झाली आणि टकळी शाळेत आली. सूत न तुटता टकळी फिरवायला बोटांची पकड, डोळा-हाताचा मेळ आणि बैठक हे सारे लागते. ती थेरपी नव्हती, उपचार म्हणून कोणी ती दिलीही नाही. पण हात आणि डोके वेगळे वाढत नाही, हे या मातीत आधीच बोलले गेले होते.

आता मूळ दुखणे. 2013 पासून राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमात फिरती पथके अंगणवाडीतली मुले वर्षातून दोनदा आणि शाळेतली एकदा तपासतात. विकासातला विलंब हा त्या तपासणीचा ठरलेला भाग आहे. सापडलेले मूल जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवायचे, अशी रचना आहे. कागदावर ती चांगली आहे. पण वर्ध्याचा नकाशा पाहा. सामान्य रुग्णालय शहरात, सेवाग्राम आणि सावंगीची मोठी रुग्णालये शहराला लागून. आष्टी आणि कारंजा (घाडगे) मात्र जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. तिथून मूल कडेवर घेऊन एसटीने यायचे तर दिवस जातो आणि मजुरीही जाते. कापूस वेचणीच्या दिवसांत तो दिवस कोण देणार?

थेरपी ही टॉनिकची बाटली नव्हे. ती आठवड्यामागून आठवडे, महिनोन्‌महिने चालते. ‘एकदा वर्ध्याला दाखवून आणले’ याला उपचार म्हणत नाहीत. तरी तपासलेल्या आणि संदर्भित केलेल्या मुलांचाच आकडा मोठा करून सांगितला जातो. किती मुलांनी सहा महिने सलग थेरपी घेतली, हा आकडा आधी विचारायला हवा.

माझ्या मते जिल्ह्याला नवी इमारत नको. आर्वी आणि हिंगणघाटच्या उपजिल्हा रुग्णालयांत आठवड्यातला एक ठरलेला वार थेरपिस्टचा असावा. सावंगीत फिजिओथेरपी महाविद्यालय आहे. इंटर्नशिपचे विद्यार्थी शिक्षकांसोबत तालुक्याला का जाऊ नयेत? दुसरे, आईला शिकवा. थेरपिस्टचा तास आठवड्यातून एकदा, आईचे हात रोज. आशाताई बाळाच्या तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंत पाचदा घरी येतात. दिलेला व्यायाम होतो का, हे त्यांनी विचारले तरी फरक पडेल. त्यासाठी त्यांना आधी प्रशिक्षण आणि मानधनही द्यावे लागेल, फुकट काम आणखी वाढवू नये.

घरी काय? वॉकर विकत घेऊ नका, त्याने मूल लवकर चालत नाही, अपघात मात्र होतात. जागेपणी आपण समोर बसून बाळाला पालथे खेळवा. तीन वर्षांपुढच्या मुलाला तुरीच्या शेंगा सोलायला बसवा, पण दाणे नाकातोंडात जात नाहीत ना, यावर डोळा ठेवून.

शहरांत ‘सेन्सरी’ नावाने महागडी पॅकेजेसही विकली जातात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2012 मध्येच सांगितले होते की, या प्रकारच्या थेरपीबाबत पुरावा मर्यादित आहे आणि ती द्यायची तर ठरावीक ध्येय ठेवून द्यावी. म्हणून पैसे भरण्याआधी विचारा : तीन महिन्यांनी माझे मूल नेमके काय करू लागेल? उत्तर लिहून मागा. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्या मुलांसाठी केंद्राची ‘निरामय’ विमा योजना आहे. तिची मर्यादा एक लाख रुपये असून ठरलेल्या मर्यादेत थेरपीचा खर्चही त्यात बसतो. त्यासाठी दिव्यांगत्वाचा दाखला लागतो. तो काढायलाही जिल्ह्याच्या ठिकाणीच जावे लागत असेल, तर आष्टीच्या आईचा आणखी एक दिवस बुडाला.