न बोलावतां

अमेरिकेंतील आमच्या एका स्नेह्यांचा मुलगा यंदा तेथील एका लहान कॉलेजांत जावयाचा आहे. शाळेंत तो बरा धांवे. पण एकाहि प्रशिक्षकाचें बोलावणें आलें नाहीं, म्हणून धांवणेंच सोडतों म्हणतो. आम्हांस हें पटत नाहीं. त्याचें कॉलेज एन्. सी. ए. ए. संस्थेनें १९७३ सालीं काढलेल्या तिसऱ्या विभागांतलें. तेथें खेळाबद्दल शिष्यवृत्ति कोणासच नाहीं. बोलावलेला व न बोलावलेला, दोघेहि आवडीपोटींच खेळतात. त्यानें आपण होऊन प्रशिक्षकास पत्र लिहावें, शर्यतींतील आपल्या वेळा कळवाव्या. फार तर नकार येईल. मानाचें पान मांडलेलें नसेल; पण उंबऱ्यावर रुसून बसणाऱ्यास पंगतींत कोण वाढणार?