घरातल्या कामाला भोंगा नसतो

सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींनी नाशिककरांच्या दोन-तीन पिढ्यांना घड्याळाची शिस्त लावली. भोंगा झाला की काम सुरू, भोंगा झाला की डबा, आणि पुन्हा भोंगा झाला की घरचा रस्ता. याच कामगारांची मुले-मुली पुढे अभियांत्रिकी शिकली आणि शहरात पुरेशा आयटी कंपन्या नसल्यामुळे पुणे, मुंबई, बंगळूर, हैदराबादला गेली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा त्यांतले बरेच जण लॅपटॉप घेऊन आईवडिलांच्या घरी परतले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दूरसंचार विभागाने नियम शिथिल करून आयटी आणि बीपीओ कंपन्यांना घरून काम देण्याची वाट मोकळी केली. साथ ओसरल्यावर कंपन्यांनी माणसे परत बोलावली. टीसीएसने तर ऑक्टोबर २०२३ पासून आठवड्याचे पाचही दिवस कार्यालयात येण्यास सांगितले. तरीही पूर्णवेळ किंवा आठवड्यातले काही दिवस घरून काम करणारे लोक सिडको, इंदिरानगर, गंगापूर रोड, नाशिकरोड या भागांत आजही आढळतात.

अशा नोकरीकडे बाहेरून पाहणाऱ्यांना ती सुखाची वाटते. पगार पुण्याचा, राहणे नाशिकचे, जेवण आईच्या हातचे. आणखी काय हवे? यातले सुख खोटे नाही. हिंजवडीच्या वाहतुकीत रोज जाणारे तास वाचतात, घरभाडे वाचते, म्हाताऱ्या आईवडिलांजवळ राहता येते. चीनमधील एका मोठ्या प्रवास कंपनीच्या १,६१२ कर्मचाऱ्यांवर झालेला एक प्रयोग २०२४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आठवड्यातून दोन दिवस घरून काम करणाऱ्यांमध्ये नोकरी सोडण्याचे प्रमाण एक तृतीयांशाने कमी झाले आणि कामाचा दर्जाही घसरला नाही. म्हणजे घरून काम करणे ही वाईट गोष्ट नव्हे. पण ते स्वीकारणाऱ्याने शरीराच्या बाबतीत काय अपेक्षा ठेवावी, हे नेमणूकपत्रात कुठेच लिहिलेले नसते.

वाचलेला वेळ जातो कुठे?

प्रवासाचे दोन तास वाचले की ते व्यायामाला, मुलांना, झोपेला मिळतील, असे वाटते. प्रत्यक्षात ते बहुधा कामालाच मिळतात. आशियातील एका मोठ्या आयटी सेवा कंपनीच्या दहा हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या टाळेबंदीपूर्वीच्या आणि नंतरच्या नोंदी शिकागो आणि एसेक्स विद्यापीठांतील अर्थशास्त्रज्ञांनी तपासल्या. घरी बसल्यावर कामाचे तास वाढले, विशेषतः कार्यालयीन वेळेनंतरचे. हातून होणारे काम मात्र वाढले नाही. बैठकांचा वेळ वाढला आणि सलग, एकाग्रतेने काम करण्याचा वेळ कमी झाला. घरात मुले असलेल्यांचे तास अधिकच वाढले.

या वाढीव तासांचा आरोग्याशी थेट संबंध आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संयुक्त अभ्यासानुसार, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी, तर हृदयाच्या रक्तपुरवठ्याच्या विकाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. पंचावन्न तास हा आकडा अचाट वाटतो; पण सकाळी साडेनऊला लॅपटॉप उघडणारा माणूस मध्ये जेवण, मुलांची शाळा, भाजी यांसाठी अडीच तास काढून रात्री अकराला लॅपटॉप मिटत असेल, तर पाच दिवसांत त्याचे पंचावन्न तास भरतात. त्याला आणि घरच्यांना मात्र ‘दिवसभर घरीच तर होता’ असेच वाटत राहते.

बसून राहण्याचा जुना आजार

बैठ्या कामाने माणूस आजारी पडतो, हे वैद्यकशास्त्राला नवे नाही. इटलीतील रामाझ्झिनी या वैद्याने १७०० मध्ये कामगारांच्या आजारांवर लिहिलेल्या ग्रंथात दिवसभर वाकून बसणाऱ्या शिंप्यांच्या आणि जोडे शिवणाऱ्या कारागिरांच्या पाठींचे वर्णन आहे. १९५३ मध्ये जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसमधील चालक आणि वाहक यांची तुलना केली. चालक दिवसभर बसलेला, वाहक दिवसभर जिना चढणारा-उतरणारा. हृदयविकार चालकांमध्ये जास्त आढळला. चालकांचे मुळातले वजन वगैरे इतर कारणेही त्यामागे होती, हे पुढे दिसून आले; पण हालचाल आणि हृदय यांचे नाते तेव्हापासून पक्के झाले.

कार्यालयात जाणाऱ्याच्या दिवसात अशी हालचाल नकळत पेरलेली असते. बसथांब्यापर्यंत चालणे, जिना, कँटीन, दुसऱ्या मजल्यावरच्या सहकाऱ्याकडे एक फेरी. घरून काम करणाऱ्याचा पलंग, टेबल आणि स्वयंपाकघर वीस पावलांत संपते. पोटरीचे स्नायू हलले की पायांतले रक्त हृदयाकडे ढकलले जाते आणि स्नायू रक्तातली साखर वापरतात. तासन्‌तास बसल्यावर ही दोन्ही कामे मंदावतात. ऑस्ट्रेलियात २०१२ मध्ये झालेल्या एका प्रयोगात दर वीस मिनिटांनी फक्त दोन मिनिटे सावकाश चालणाऱ्यांची जेवणानंतरची साखर सलग बसून राहणाऱ्यांपेक्षा कमी राहिली. भारतीयांसाठी ही बाब अधिक मोलाची आहे. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी सर्वेक्षणाच्या २०२३ मधील निष्कर्षांनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे.

मान आणि पाठ यांची तक्रार तर लवकर सुरू होते. सिडकोतल्या दोन खोल्यांच्या घरात लॅपटॉपसाठी वेगळे टेबल कुठून येणार? काम जेवणाच्या टेबलावर, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर किंवा पलंगावर उशी टेकून चालते. माणसाचे डोके जवळपास पाच किलोचे. मान जितकी पुढे झुकते, तितका कण्यावरचा ताण वाढतो. डोळ्यांचे गणितही तसेच. एरवी मिनिटाला पंधरा-एक वेळा लवणारी पापणी पडद्याकडे टक लावल्यावर निम्म्याहून कमी वेळा लवते. मग जळजळ, कोरडेपणा आणि संध्याकाळची डोकेदुखी.

न्यूयॉर्कची सकाळ, नाशिकची रात्र

न्यूयॉर्कमधल्या ग्राहकाची सकाळी दहाची बैठक उन्हाळ्यात नाशिकमध्ये संध्याकाळी साडेसातला असते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळे एक तास मागे जातात आणि इथली बैठक साडेआठवर सरकते. ग्राहक कॅलिफोर्नियाचा असेल, तर त्याची सकाळ म्हणजे इथली जेवण आटोपून झोपण्याची वेळ. कार्यालयात रात्रपाळी असली की कंपनीची गाडी येते, पाळी संपते आणि दुसऱ्या दिवशी उशिरा उठण्याची मुभा असते. घरी मात्र दिवसाचे काम दिवसा होतेच आणि रात्रीची बैठक वर येते. सकाळी सात वाजता मुलाची रिक्षा दारात उभी असतेच.

झोप पुढे ढकलली, की भूक, साखर आणि रक्तदाब यांचे शरीरातले वेळापत्रक बिघडते. रात्री उशिरा जेवण, बैठकीत चिवड्याची वाटी, जागे राहण्यासाठी चौथा चहा हा क्रम मग ठरून जातो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये रात्रपाळीच्या कामाला ‘बहुधा कर्ककारक’ या गटात ठेवले. याचा अर्थ रात्री काम करणाऱ्या प्रत्येकाला कर्करोग होईल असा नव्हे. झोप ही कामासाठी हवी तेव्हा कापता येणारी वस्तू नाही, एवढा धडा त्यातून नक्की घ्यावा.

घरी असणे म्हणजे मोकळे असणे नव्हे

घरून काम करणाऱ्या बाईचा दिवस याहून अवघड. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करतात, तर घरकामात हात लावणारे पुरुष ९७ मिनिटे, असे आढळले. सून घरातच आहे म्हटल्यावर गॅसवाला, पाहुणा, कुकरच्या शिट्ट्या आणि मुलांचा अभ्यास हे सगळे तिच्याच वाट्याला येते. बैठकीत आवाज बंद करून फोडणी देणारी बाई कौतुकाचा विषय ठरते. तिची झोप आणि तिचा रक्तदाब यांची चौकशी फारसे कोणी करत नाही.

दुसरा त्रास एकटेपणाचा. नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलाला चूक विचारायला शेजारी कोणी नसते, कामावरचा राग चहाच्या टपरीवर सांडून टाकता येत नाही. चिडचिड, झोप न लागणे, कशातच रस न वाटणे हे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, तर त्याला आळस किंवा नखरे म्हणू नये. केंद्र सरकारच्या ‘टेलिमानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

स्वतःच्या हातात असलेले उपाय साधे आहेत. लॅपटॉप जाड पुस्तकांवर ठेवून पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणावी आणि कीबोर्ड वेगळा घ्यावा. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडे पाहावे. अर्ध्या तासाने उठावे. फोनवरची बैठक चालत ऐकावी. आठवड्याला किमान १५० मिनिटे दमदार चालावे. गोदाकाठ, कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक आणि पांडवलेणी ज्या शहरात आहे, तिथे जागेची सबब चालत नाही. तिशी ओलांडलेल्यांची रक्तदाब आणि साखरेची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत होते. एकाच पोटरीला सूज येऊन दुखणे, रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येणे, जिना चढताना छाती आवळणे ही लक्षणे मात्र अंगावर काढू नयेत. छातीचे दुखणे तर एक दिवसही नाही.

भोंगा कोणी वाजवायचा?

एवढे सांगून थांबणे सोपे आहे, पण ते अपुरे आहे. सातपूरच्या कामगाराला कोणी ‘स्वतःच शिस्त पाळ’ एवढेच सांगून सोडले नव्हते. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती ठरवली आणि तपासणीसाठी निरीक्षक नेमले. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यातही आठवड्याची मर्यादा ४८ तासांचीच आहे. पण निरीक्षक कोणाच्या झोपण्याच्या खोलीत येऊ शकत नाही आणि येऊही नये. म्हणून घरून होणाऱ्या कामात नियम कागदावर राहतो आणि सगळा भार एकट्या कर्मचाऱ्याच्या मनोबलावर पडतो. वरिष्ठाचा रात्री दहाचा निरोप न उघडण्याचे मनोबल नोकरी जाण्याची भीती असलेल्या माणसाकडून अपेक्षित ठेवणे न्यायाचे नाही.

फ्रान्सने २०१७ पासून पन्नासहून अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना कामाच्या वेळेबाहेर संपर्क तोडण्याच्या हक्कावर कर्मचाऱ्यांशी वाटाघाटी करणे बंधनकारक केले. पोर्तुगालने २०२१ मध्ये कायदा करून विश्रांतीच्या वेळेत कर्मचाऱ्याशी संपर्क टाळण्याची जबाबदारी मालकावरच टाकली. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत याच हक्काचे खासगी विधेयक मांडले होते. कायदा मात्र झाला नाही.

कायदा होईपर्यंत कंपन्यांनी थांबण्याचे कारण नाही. कर्मचारी किती वाजता लॉगिन झाला आणि किती मिनिटे निष्क्रिय होता, हे मोजणारी यंत्रणा अनेक कंपन्यांकडे आहे. त्याच नोंदीवरून कोणाचे आठवड्याचे तास ४८ च्या पुढे गेले, कोण सलग तीन रात्री बैठकीला बसला, हेही दिसते. कारखान्याने कामगाराला यंत्रासोबत संरक्षक चष्मा द्यावा, तसा लॅपटॉपसोबत खुर्ची आणि कीबोर्डचा खर्च द्यावा. रात्रीच्या बैठकीनंतर सकाळची सुटी आपोआप मिळावी. वर्षातून एकदा तपासणी व्हावी, ती घरून काम करणाऱ्यालाही.

नोकरी स्वीकारताना पगार, रजा आणि बढती विचारली जाते. त्याच यादीत रात्रीच्या बैठका किती, संपर्काची शेवटची वेळ कोणती आणि खुर्चीचा खर्च कोणाचा, हे तीन प्रश्नही असावेत. घरच्यांनीही लॅपटॉप मिटण्याची एक वेळ ठरवून ती पाळायला लावावी. सातपूरच्या भोंग्याने काम सुरू करून दिले तसेच ते थांबवलेही. घरून काम करणाऱ्या त्याच घरांतल्या मुलामुलींना निदान दुसरा भोंगा तरी मिळायला हवा.