उतारी कोणाची?

आमच्या अरेरा कॉलनीतल्या घरी दर रविवारी दुपारी चारला ब्रिजचा डाव बसतो. आजोबा, भेलमध्ये त्यांच्याबरोबर नोकरीला असलेले एक काका, शेजारचे चाचा आणि चौथा मी. चौथी खुर्ची खरं तर माझी नव्हे. तिच्यावर बसणारे गृहस्थ दोन वर्षांपूर्वी गेले, डाव मोडायची वेळ आली, म्हणून मला बसवलं. तोवर माझी मजल मेंढीकोटपर्यंतच होती.

पानं वाटून, बोली संपली की आजोबा विचारतात, "उतारी कोणाची?" चाचा म्हणतात, "चाल किसकी है, मियाँ?" पुस्तकात तिलाच ओपनिंग लीड म्हणतात. मला आपला उतारी हा शब्द जास्त आवडतो. पाण्यात उतरावं तसं वाटतं, खोली माहीत नसताना.

ज्यांना ब्रिज येत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 52 पानं, चौघे जण, समोरासमोरचे दोघे भिडू. आधी बोली होते. ज्या जोडीची बोली शेवटची, तिनं तितके हात करून दाखवायचे; हाच कॉन्ट्रॅक्ट. ती जोडी ज्याच्यामार्फत खेळते त्याच्या डावीकडचा माणूस पहिलं पान टाकतो. ते पडल्यावरच समोरच्या डमीची 13 पानं टेबलावर उघडी होतात. म्हणजे नंतरचं प्रत्येक पान 26 पानं बघून खेळलं जातं. फक्त उतारी करणारा 13 पानांवर निर्णय घेतो. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा अन्यायच वाटला होता.

मग मी काय केलं? आपण परीक्षेच्या आधी जे करतो तेच. नियम पाठ केले. नो ट्रम्पविरुद्ध सगळ्यात लांब रंगातलं वरून चौथं पान. राणी-गुलाम-दश्शी अशी ओळ असेल तर वरचं पान. भिडूनं रंग बोलला असेल तर तो रंग. नियम चुकीचे नाहीत, पण ते गाइडमधल्या उत्तरासारखे आहेत. प्रश्न न वाचताही लिहिता येतात.

गेल्या पावसाळ्यातला एक डाव सांगतो. चाचांनी एक इस्पिक बोलले. त्यांचे भिडू काका एक नो ट्रम्प. चाचा दोन चौकट, काका दोन इस्पिक. पास, पास, पास. आजोबा माझे भिडू, उतारी माझी. हातात इस्पिकची अठ्ठी, छक्की, तिर्री. बदामची राणी, गुलाम, दश्शी. चौकटचे राजा, गुलाम, दश्शी, सत्ती. किलवरचा एक्का आणि दोन बारकी पानं. राणी-गुलाम-दश्शी! मी बदामची राणी टाकली, जवळजवळ अभिमानानं. डमी उघडली. तिच्यात चौकटची दोनच पानं आणि हुकमाचीही दोनच. चाचांनी चौकट एकदा डमीच्या हुकमानं मारली आणि बरोबर आठ हात केले. आम्ही एका हातानं हरलो.

आजोबांनी चारही हात उघडे मांडले. त्यांचा आवाज चढत नाही, त्यामुळे जास्त लागतं. "तू तुझी पानं बघितलीस. त्यांचं बोलणं ऐकलंस का?" चाचांनी दोन रंग सांगितले होते, इस्पिक आणि चौकट. काका त्यातल्या इस्पिककडे वळले, म्हणजे चौकट त्यांच्याकडे थोडीच. आणि चौकट तर माझ्याकडे दाबून होती. मग चाचा ती कुठे वाचवणार? डमीच्या हुकमानं मारूनच. पहिलं पान बारीक हुकूम टाकलं असतं आणि चौकटवर हात येताच दुसरा हुकूम, तर डमीकडे मारायला काहीच उरलं नसतं. सगळी माहिती चार वाक्यांत मोठ्यानं सांगितलेली होती. मी तेव्हा माझ्या ओळीच्या प्रेमात होतो.

म्हणून माझं मत असं की उतारी नशिबाची नसते आणि पाठांतराचीही नसते. ती ऐकण्याची आहे. स्लॅमच्या बोलीला भिडूनं डबल दिलं तर नेहमीची नव्हे, वेगळी उतारी कर असा संकेत असतो. थिओडोर लाइटनर या अमेरिकन खेळाडूच्या नावानं तो ओळखला जातो. म्हणजे भिडू न बोलता सांगतो, तेही ऐकायचं.

याची दुसरी बाजूही आहे आणि ती मला जास्त अवघड जाते. नीट ऐकून, विचार करून केलेली उतारीही फसते. एकदा आजोबांनी अशीच हुकमाची उतारी केली आणि माझी राणी त्यात अलगद पकडली गेली. मी तोंड वाकडं केलं. ते म्हणाले, "पुन्हा हीच बोली झाली तर पुन्हा हेच पान टाकीन." निकाल बघून पान चूक ठरवायचं नाही, हे मला तेव्हा नुसता हट्ट वाटलं होतं. सेमिस्टरचा रिझल्ट लागल्यापासून पटायला लागलंय.

आता हॉस्टेलच्या मित्रांसाठी. पत्ते दिसले की जुगार, असं समीकरण आपल्याकडे पक्कं आहे आणि मोठ्यांची भीती उगीच नाही. पैसे लावून घरं बुडालेली त्यांनी पाहिलीत. पण सगळी पानं एका मापानं मोजू नयेत. 2018 च्या जकार्ता एशियाडमध्ये प्रणव वर्धन आणि शिवनाथ सरकार यांनी ब्रिजमध्ये पुरुष जोडीचं सुवर्णपदक आणलं, तेव्हा वर्धन 60 वर्षांचे होते. मोठ्या स्पर्धांत तर एकच वाटप अनेक टेबलांवर खेळवतात, म्हणजे चांगली पानं आली हे कारण सांगायची सोयच राहत नाही.

मंडळाच्या खोलीत शुक्रवारी दुपारी तीन ते पाच मोठं टेबल रिकामं असतं. सरांना विचारलंय, पैसे नाहीत, आरडाओरडा नाही, या अटीवर ते हो म्हणालेत. मला तीन जण हवेत. फक्त मेंढीकोट येत असलं तरी चालेल.