जाड पट्टी मारून गाडी मजबूत होत नाही



पुतण्या वरळीला असतो. गावाकडं शेतात न्यायची म्हणून त्यानं आपल्या मोनोकॉक एसयूव्हीला खालून जाड लोखंडी पट्टी वेल्डिंग करून घेतली. दोन पावसाळ्यांत पट्टी शाबूत, पण ती जिथं संपते तिथंच पत्रा फाटला! कंपनीचं नाव घेत नाही, चूक तिची नाही.

बोलेरो, थार यांना खाली वेगळी चेसिस असते, बैलगाडीच्या चौकटीसारखी. मोनोकॉकमध्ये छत, खांब, फ्लोअर मिळून एकच डबा. भार सगळ्यांनी वाटून घ्यायचा. एकाच जागी लोखंड जाड केलं की ताण पट्टीच्या टोकाला गोळा होतो. त्यात या गाड्यांना जास्त ताकदीचं पोलाद वापरतात, ते वेल्डिंगच्या उष्णतेनं मऊ पडतं. आतला रंग जळतो, गंज धरतो.

"आमचा वेल्डर भारी आहे" म्हणणाऱ्यांना सांगतो, मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचा. कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलंय.

महिंद्राचं मुख्य ऑफिस वरळीतच. तीच कंपनी बोलेरो चेसिसवर बनवते, एक्सयूव्ही700 मात्र तिनं मोनोकॉक बनवली. दोघींची कामं वेगळी म्हणूनच ना?

चिखलातनं रोज कांदा, खत ओढायचं तर चेसिसची गाडी घ्या. मोनोकॉक असेल तर कंपनीच्या बोल्टवर बसणारी स्किड प्लेट लावा, भार मर्यादेत ठेवा. गाईला नांगराला जुंपून वर शिंगं रंगवू नका.