कोर्टाची पायरी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आमच्या घरी नेहमी म्हणतात. कोर्ट म्हणजे तारखा आणि वकिलाची फी, एवढीच आमची ओळख! पण ती पायरीच उद्या बंद झाली तर?

आणीबाणीत, १९७५ साली, मुंबईच्या वकिलांनी नागरी स्वातंत्र्य व कायद्याचे राज्य या विषयावर खासगी सभा ठरवली. पोलीस आयुक्तांनी परवानगी नाकारली. वकील उच्च न्यायालयात गेले आणि न्यायालयाने ती बंदी रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने मात्र २८ एप्रिल १९७६ रोजी स्थानबद्धांचे दाद मागण्याचे दार चार विरुद्ध एक मतांनी बंद केले. तो एक म्हणजे न्या. हंसराज खन्ना. जानेवारी १९७७ मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून दुसऱ्यांना सरन्यायाधीश नेमले गेले. खन्नांनी राजीनामा दिला.

एकट्या न्यायाधीशाचे धैर्य तेव्हा अपुरे पडले. मार्च १९७७ मध्ये मतदारांनी सत्ता बदलली, तेव्हा कुठे १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने तो हक्क आणीबाणीतही शाबूत राहील अशी तरतूद झाली.

म्हणून न्यायालयाचे स्वातंत्र्य जपणे हे केवळ वकिलांचे काम नव्हे. पैसेवाल्याला वशिला असतो. ज्यांना तो नाही, त्या आपणच याबाबत सर्वांआधी जागे राहिले पाहिजे.