तळे कागदावर खुले आहे!



४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशातून चालणारे पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले झाले. १९२४ साली महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. कागद पूर्ण झाला. तरीही त्या तळ्यातली ओंजळ ओठाला लावायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला, आणि त्यासाठी आपल्या माणसांना डोकी फोडून घ्यावी लागली.

ही गोष्ट आपल्याला पाठ आहे. पण इंटरनेटवरच्या एखाद्या दारावर "या, कोणीही संपादक व्हा" अशी पाटी दिसली की आपण ती विसरतो. नागसेनवनातली पोरं मोठ्या उत्साहाने अर्ज करतात, नोंदी लिहितात. अर्ज नामंजूर होतो, नोंद उडवली जाते आणि पोरगं पुन्हा तिकडे फिरकत नाही. हा त्या पोराचा कच्चेपणा आहे, असे सांगणाऱ्यांशी आमचे भांडण आहे.

जुना दरवाजा

आजच्या तरुणांना 'डीमॉझ' हे नाव माहीत नसेल. १९९८ साली अमेरिकेत सुरू झालेली ही संकेतस्थळांची सूची. अधिकृत नाव 'ओपन डिरेक्टरी प्रोजेक्ट', म्हणजे नावातच 'खुली'. यंत्रापेक्षा माणूस हे काम चांगले करतो, हे तिचे ब्रीद. जगभरातले ९० हजारांहून अधिक स्वयंसेवक तिचे संपादक झाले, ३८ लाखांवर संकेतस्थळे नोंदली गेली, १० लाखांवर वर्ग झाले. गुगलनेसुद्धा काही वर्षे आपली सूची तिच्याच माहितीवर चालवली. म्हणजे तिथे नोंद असणे याला किंमत होती.

पण संपादक कसे व्हायचे? एक वर्ग निवडायचा, त्यात बसतील अशी दोन-तीन संकेतस्थळे वर्णनासह द्यायची, त्या विषयातल्या कोणत्या संकेतस्थळाशी आपला संबंध आहे ते सांगायचे आणि वाट पाहायची. अर्जाचा निकाल वरचे संपादक लावत. त्यांना सामान्य संपादकांनी निवडलेले नसे. नकार आला तर बहुतेकदा छापील मजकूर यायचा: कारण अमुक असेल, नाहीतर तमुक असेल. नेमके कारण कळत नसे. अनेकांना तर उत्तरच मिळाले नाही. ही तक्रार जगभरातून झाली. मार्च २०१७ मध्ये ती सूची बंद पडली.

आता कोणी म्हणेल, छाननी नको का? हवीच. आपलेच दुकान वर चढवायला आणि शेजाऱ्याचे दुकान यादीतून काढायला संपादक होणारे लोक डीमॉझवर होते. आज दारे सताड उघडी टाकली तर पगारी ट्रोल सगळ्यात आधी आत शिरतील. छाननीला आमचा विरोध नाही. कारण न देता केलेल्या छाननीला विरोध आहे. माणसाला नाकारायचे असेल तर कारण लिहून द्या, दाद मागायला जागा ठेवा. तहसील कचेरीतला कारकूनसुद्धा अर्ज फेटाळताना एक ओळ खरडतो.

तटस्थ कोण?

डीमॉझ गेले, पण रीत राहिली. आज तो दरवाजा विकिपीडियाचा आहे. "कोणीही संपादन करू शकतो" हे तिचे वचन. पण इंग्रजी विकिपीडियावर अनेक वादग्रस्त लेखांना असे कुलूप आहे की खाते ३० दिवस जुने आणि ५०० संपादने झालेली असल्याशिवाय हात लावता येत नाही. जात हा विषय आला की वाद आलाच, आणि वाद आला की कुलूप आले.

त्यात 'हितसंबंध' नावाचा प्रश्न. नामांतराच्या लढ्यावर लिहिणारा नामांतरवाद्याच्या घरातला असेल, तर तो पक्षपाती. ज्याच्या घराला त्या लढ्याची झळ लागली नाही, तो मात्र आपोआप तटस्थ! १९७८ च्या दंगलीत ज्यांची घरे जळली त्यांच्या पोरांनी गप्प बसायचे, आणि ज्यांनी ती आग लांबून पाहिली त्यांनी इतिहास लिहायचा, हा कुठला न्याय? ज्याला तहान लागली आहे त्याला पाण्याविषयी बोलू द्यायचे नाही, असाच हा प्रकार आहे. बाबासाहेबांनी जातीवर लिहिले ते जात भोगून. म्हणून त्यांचे लेखन अप्रमाण ठरले नाही, कारण प्रत्येक विधानामागे त्यांनी पुरावा उभा केला. लेखकाची जात, घर, संघटना बघू नका. त्याचा पुरावा तपासा. तटस्थतेचा एवढाच अर्थ आम्हाला मान्य आहे.

फुकटचा वेळ कोणाकडे आहे?

'स्वयंसेवक' हा शब्द गोड आहे. पण फुकट काम करायला आधी पोट भरलेले लागते. स्वाधारच्या हप्त्याची वाट पाहणारा, दिवसा अभ्यासिकेत आणि रात्री वाळूजला पाळीवर असणारा पोरगा ५०० संपादने कधी करणार? ज्यांच्या तीन पिढ्यांनी पेन्शन खाल्ली, त्यांच्याकडे फावला वेळ आहे. म्हणून जगातल्या सगळ्या 'खुल्या' याद्यांमध्ये त्यांचीच माणसे आधी जाऊन बसतात. इथे कोणी कट करायची गरजच नाही. वेळेची वाटणीसुद्धा जातीनेच झालेली आहे.

बाबासाहेबांनी 'बहिष्कृत भारता'चे रकानेच्या रकाने एकट्याने लिहिले. पण 'मूकनायक' निघाला तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी २५०० रुपये दिले होते, हेही लक्षात ठेवा. लेखणीमागे पैसा लागतो. जयंतीच्या डीजेला एका रात्रीत जेवढा पैसा जातो, तेवढ्यात दोन विद्यार्थी सहा महिने नोंदी लिहितील.

पुराव्याचा पुरावा

'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० रोजी निघाला. त्याची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नव्हती. आता विचार करा. त्या काळी कोणी विचारले असते, "या पत्राची दखल प्रतिष्ठित वृत्तपत्राने घेतली आहे का?" तर उत्तर आले असते, नाही. मग 'मूकनायक' दखलपात्र नव्हता काय?

हाच नियम आज आहे. मान्यवर स्रोतांनी दखल घेतली तरच नोंद. तो फक्त आपल्यालाच नडतो असेही नाही. डोना स्ट्रिकलंड या कॅनडाच्या शास्त्रज्ञ बाईंवरचा लेख मे २०१८ मध्ये पुरेसे संदर्भ नाहीत म्हणून नाकारला गेला. ऑक्टोबरमध्ये त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले! त्यांच्या मदतीला नोबेल धावून आले. गावोगाव जलसे करणाऱ्या आमच्या शाहिराच्या मदतीला कोण येणार? २०११ साली अचल प्रभला यांनी 'पीपल आर नॉलेज' या माहितीपटातून तोंडी साक्षीलाही संदर्भ मानावे, असा आग्रह धरला. तो नियम काही झाला नाही.

मग सोडून द्यायचे का?

चळवळीतले काही जण म्हणतात, "त्यांचे व्यासपीठ, त्यांना लखलाभ. आपण आपले वेगळे काढू." वेगळे जरूर काढा. पण महाडला बाबासाहेबांनी नवी विहीर खोदली नाही, तळ्यावरचा हक्क बजावला. शिवाय आज शाळेतले पोर प्रश्न विचारते ते मोबाइलमधल्या यंत्राला, आणि ती यंत्रे विकिपीडिया वाचूनच शिकलेली आहेत. पोचीराम कांबळे आणि गौतम वाघमारे यांच्याबद्दल तिथे काय लिहिले आहे, काय लिहिलेले नाही, हे उद्याच्या पिढीचे ज्ञान ठरणार आहे. आपण रुसून घरी बसलो तर तिथली जागा रिकामी राहत नाही. दुसरा कोणी येऊन ती भरतो.

म्हणून आमचे म्हणणे असे:

१. एकट्याने जाऊ नका. पाच जणांचा गट करा. प्रत्येकाने आपल्या खऱ्या खात्यावरून, स्वतंत्रपणे काम करावे. एकाने पाच खाती काढणे हा तिथे गुन्हा आहे आणि त्याने चळवळच बदनाम होते.

२. पहिल्याच दिवशी वादाच्या लेखात हात घालू नका. गावे, नद्या, शाळा, पुस्तके यांवर महिनाभर काम करा. ५०० चा आकडा गाठा. कुलूप आपोआप उघडते.

३. आपल्याकडे छापील पुरावा आहे, तो बाहेर काढा. गंगाधर पानतावणे सरांनी याच शहरातून 'अस्मितादर्श' पाच दशके चालवले. त्याच्या अंकांची वर्ष, लेखक, शीर्षक, पृष्ठ अशी सूची तयार करा. सूची करायला कोणाच्या परवानगीची गरज नाही, आणि एकेक नोंद म्हणजे एकेक संदर्भ.

४. बाबासाहेबांच्या हयातीत छापले गेलेले त्यांचे लेखन १ जानेवारी २०१७ पासून स्वामित्वहक्कातून मुक्त आहे. ते मराठी विकिस्रोतावर अक्षरशः टंकित करता येते.

५. १४ जानेवारीला विद्यापीठ गेटवर जी पुस्तके आणि पुस्तिका विकता, त्यांवर प्रकाशक, वर्ष आणि पृष्ठक्रमांक छापा. निनावी पुस्तिकेचा हवाला कोणीही उडवून लावतो.

६. नोंद उडाली तर चर्चापानावर कारण मागा. शिवीगाळ नको. प्रत्येक नकाराची नोंद तारखेसह ठेवा. दहा नकार एकत्र ठेवले की तक्रार एका पोराची राहत नाही, तिथल्या पद्धतीवरचे आरोपपत्र होते.

मराठवाडा विद्यापीठाच्या नावाचा ठराव विधिमंडळात २७ जुलै १९७८ ला झाला. पाटी लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. ठराव आणि पाटी यांच्यामधली ती साडेपंधरा वर्षे ज्यांनी रेटली, त्यांची आपण पोरे आहोत. आपल्याला ३० दिवस आणि ५०० संपादने जड जाऊ नयेत.

जय भीम!