ऑपरेशननंतरचं दुखणं: अमेरिकेतली नवी गोळी आणि नगरचा रुग्ण

सिझर झालेली बाई लोणीच्या किंवा नगरच्या दवाखान्यातून घरी जाते, तेव्हा तिच्या पिशवीत बहुतेक वेळा पॅरासिटामॉल आणि डायक्लोफिनॅकसारखी एखादी गोळी असते. मॉर्फिन नसतं. मग 'अफूविना वेदनाशामक' ही जगभर गाजलेली बातमी आपल्या काय कामाची?

बातमी काय होती?

३० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या एफडीएने सुझेट्रिजिन या गोळीला मंजुरी दिली. मॉर्फिन, ट्रॅमाडॉल ही अफूच्या गटातली औषधं मुख्यतः मेंदू आणि मज्जारज्जूवर काम करतात, म्हणून त्यांची सवय लागू शकते. ही गोळी वेदनेचा संदेश मज्जातंतूतच अडवते. मात्र चाचण्यांमध्ये ती हायड्रोकोडोन-पॅरासिटामॉलच्या जोडगोळीपेक्षा सरस ठरली नाही. शिवाय तेव्हा एका गोळीची किंमत १५.५० डॉलर होती, म्हणजे तेराशे रुपयांच्या वर.

आपल्याकडे अडचण उलटी

अमेरिकेत अफूजन्य गोळ्या वारेमाप वाटल्या गेल्या. आपल्याकडे १९८५च्या एनडीपीएस कायद्यामुळे कॅन्सरच्या रुग्णालाही मॉर्फिन मिळेना, म्हणून २०१४ साली कायदा सैल करावा लागला. २०१८मध्ये ट्रॅमाडॉलही याच कायद्याखाली आलं.

पण अफू नाही म्हणजे धोका नाही, असं नव्हे. डायक्लोफिनॅकने पोटात अल्सर होऊ शकतो, मूत्रपिंडावर ताण येतो, आणि शरीरात पाणी कमी असेल तर जास्तच. पाथर्डी-शेवगावकडची ऊसतोड करणारी बाई टाके सुकण्याआधी फडात गेली आणि तीच गोळी मेडिकलमधून परस्पर घेत राहिली, तर काय होईल? माझ्या मते आपल्यासाठी खरा प्रश्न हा आहे.

स्वस्त उपाय आहे, पण...

ब्युपिव्हाकेन हे भूल देण्याचं जुनं, स्वस्त औषध. सर्जन ते टाक्यांच्या कडेला टोचू शकतो. त्याला मशीन लागत नाही. भूलतज्ज्ञ सोनोग्राफीत बघून नेमक्या नसेजवळ ते सोडतो, त्याला नर्व्ह ब्लॉक म्हणतात. दुखणं काही तास दबतं, गोळ्या कमी लागतात. पण सोनोग्राफी मशीन म्हटलं की गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याची नोंदणी आली. मुलींचं प्रमाण घसरलेल्या या जिल्ह्यात तो कायदा कडक हवाच. तरी भूलतज्ज्ञाच्या हातातलं मशीनही त्याच कागदपत्रांत अडकतं, आणि लहान दवाखाने त्या भानगडीत पडत नाहीत.

ऑपरेशनची तारीख ठरताना आपण खर्च विचारतो. नंतर दुखण्यासाठी काय देणार, ब्लॉक मिळेल का, गोळी किती दिवस घ्यायची, हेही तेव्हाच विचारता येतं. किडनीचा किंवा अल्सरचा त्रास असेल तर तो आधीच सांगावा.